दुसरा वळसा

शारजा, रवि. ८ फेब्रुवारी १९९८

"एक वळसा बाळासाठी. दुसरा घातलास तर तो तुझ्या सोयीचा."
मुग्धा तीन महिन्यांची असताना आईने सहाणेवर जायफळ उगाळून दाखवलं, तेव्हाचं हे वाक्य. त्याला पंधरा वर्षं झाली. आज सहाण घासताना आठवलं आणि हात थांबला.

सरकारी खात्याचं पत्र आलं. बुधवारी १८ ला बाई घर बघायला येणार. पास झालं तर माझ्या पाळणाघराची नोंदणी होईल, नाही तर बंद. इतकी वर्षं ओळखीवर, तोंडी चाललं होतं. आता तसं चालणार नाही म्हणतात. बंद झालं तर मी दिवसभर काय करायचं? नवरा, वि., पंधरा-पंधरा दिवस रुवैसच्या रिफायनरीत, मुग्धा शाळेत. ही चार मुलं नसतील तर या घरात नुसता एसीचा आवाज.

यादी: प्लगांना झाकणं. बाल्कनीला जाळी. फिनेल वरच्या फळीवर. बाथरूमची आतली कडी काढणे. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा.

मंगळ. १०

रोल्लाच्या बाजारात जाऊन झाकणं आणली. दुकानदार म्हणाला, "कितने बच्चे हैं भाभी?" म्हटलं चार. "माशाल्ला!" म्हणाला. सगळी माझीच समजला असावा. खुलासा नाही केला. बरं वाटलं, खोटं का सांगा.

संध्याकाळी मुग्धा फॉर्म भरायला बसली. तिचं अक्षर चांगलं, इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. अकरावा प्रश्न मोठ्याने वाचला: पालकांनी दिलंय त्याखेरीज मुलांना काही देता का?
"आई, यस ऑर नो?"
"नो."
तिने खूण केली. मग ओट्यावरच्या सहाणेकडे बघितलं. "आई, जायफळ?"
"ते मसाल्यातलं आहे गं. औषध नाही."
"इट डझन्ट से मेडिसिन. इट सेज एनीथिंग."
मी म्हटलं, पुढचा वाच.

गुरु. १२

काल वि. दोन दिवसांसाठी आला. आज जाळी बसवली. बोटाला तार लागली तर मला म्हणाला, "फर्स्ट एड बॉक्स आहे का, की तपासणीत नापास?" दुपारी मुलांच्या छोट्या खुर्चीत अडकून बसला नि म्हणाला, "बाईंना पुरणपोळी खाऊ घाल, खलास." हसले. त्याला माहीत नाही.

इथे तरी लिहावं. दोन मुलं होती तेव्हा एक वळसा, तोही क्वचित, फार किरकिर असेल तरच. गेल्या वर्षी चार झाली. दुपारी एक रडलं की चौघं उठायची. मग प्रत्येकाच्या दुधात दोन. मग तीन. दिवाळीपासून रोज चार. दोन तास घर शांत. मी आडवी व्हायची, वाचायची. आया म्हणायच्या, काकूंकडे मुलं कशी गुणी झोपतात! मी मान हलवायची. कौतुक घ्यायची, अगदी सहज.

सई दहा महिन्यांची, बाकीचे तिघे दोन-अडीच वर्षांचे. तिलाही चारच. वेगळं उगाळायचा कंटाळा.

शनि. १४

अश्विनी सईला सोडायला आली ती दारातच थांबली. डोळ्यांखाली काळं.
"काकू, ही संध्याकाळी घरी आली की मान टाकते हो. खेळत नाही, हाक मारली तरी हळूच बघते. डॉक्टर म्हणाले रक्त तपासू. मंगळवारी बोलावलंय. तुमच्याकडे असं करते का?"
मी म्हटलं, "दात येत असतील."

हे वाक्य मी म्हटलं. सई तिच्या खांद्यावरून माझ्याकडे झेपावत होती.

आजपासून जायफळ बंद. दुपारी चौघं जागी, घर डोक्यावर. तिघांनी मिळून पडदा ओढून खाली आणला. सई रांगत स्वयंपाकघरात आली, माझ्या साडीला धरून उभी राहिली. पहिल्यांदाच उभी राहिली. तिच्या आईच्या आधी मी पाहिलं.

सोम. १६

सांगायचं ठरवलं होतं. सकाळी अश्विनी घाईत, खाली टॅक्सी थांबवलेली. संध्याकाळी तिचा नवरा न्यायला आला. त्याला कसं सांगणार?
ही कारणं लिहून ठेवते. खरं कारण बुधवार. आधी तपासणी होऊन जाऊ दे, मग सांगू.

मंगळ. १७

सईला दहा वाजता आणून सोडलं. डाव्या हातावर कापूस, चिकटपट्टी. अश्विनी म्हणाली, "शीर सापडेना. तीनदा टोचलं. मीच रडले, ही नंतर रडून रडून दमली." आणि माझ्या हातात मूल देऊन ऑफिसला गेली.
विश्वासाने.
दिवसभर मांडीवरून उतरवलं नाही. बाकीच्यांना टीव्ही लावून दिला. तपासणीच्या आदल्या दिवशी टीव्ही.

बुध. १८

झालं.

बाई सुदानी, उंच, आवाज मऊ. मुलांशी आधी बोलल्या, मग माझ्याशी. झाकणं मोजली. जाळी हलवून पाहिली. टॉवेलांवरची नावं वाचली, "सई" म्हणायला मजा वाटली त्यांना, दोनदा म्हणाल्या.

सहाण मी सकाळीच ओट्यावरून उचलून देवघरात ठेवली होती. वर चंदनाचं बोट फिरवलं, वास झाकायला. स्वयंपाकघर बघून झाल्यावर बाई देवघरापाशी थांबल्या. "व्हॉट इज दिस स्टोन?" म्हटलं, चंदन, फॉर प्रेअर. त्या लगेच एक पाऊल मागे सरल्या, "सॉरी, सॉरी" म्हणाल्या, आणि हात लावला नाही. मी देवाआड लपले आणि त्यांनी देवाचा मान राखला.

अकराव्या प्रश्नापुढचं "नो" पाहून त्यांनी बरोबरची खूण केली. घर छान आहे म्हणाल्या. आता एकच राहिलं. मूल इथे कसं सांभाळतात याबद्दल वर्षाच्या आतल्या मुलाच्या आईचं सहीचं पत्र, पुढच्या बुधवारपर्यंत. वर्षाच्या आतली एकटी सई.

रुवैसहून वि.चा फोन: "मग? पास ना? यल्ला, चलो, पार्टी!" म्हटलं, पत्र राहिलंय.

गुरु. १९

अश्विनीला आज अर्धा दिवस. दुपारी आली, आनंदात. "काकू, रक्त नॉर्मल!" मग खाली बसत म्हणाली, "पण डॉक्टर म्हणतात, मग मेंदूची तपासणी करावी लागेल. गुंगीचं औषध देऊन मशीनमध्ये घालतात म्हणे. एवढ्याशा जिवाला!"

मग मात्र सांगितलं. उभ्या उभ्या. जायफळ, दुधातून, रोज, दिवाळीपासून. शनिवारपासून बंद.

तिने विचारलं, "किती द्यायचात?"
"चार वळसे."
"म्हणजे किती, काकू? चमचा? ग्रॅम?"
मी हवेत बोट फिरवून दाखवलं.
"मी डॉक्टरांना काय सांगू? फोर वळसाज्?" हसली. फार वाईट हसली. "तुमचा हात जड की हलका? जायफळ जुनं की नवं? मला आकडा द्या हो काहीतरी!"

आकडा नव्हता. माझ्या आईकडेही नव्हता.

म्हणाली, "माझ्यासमोर उगाळा."

देवघरातली सहाण आणली, चंदन धुतलं. तिच्यासमोर खाली बसून चार वळसे घातले. रोज घालायची तसेच, जोर देऊन. एरवी दुधात पडून दिसेनासं व्हायचं. आज चमच्यात गोळा केलं तर केवढं ते! ती बघत होती. मीही पहिल्यांदाच बघत होते. मुग्धाने फिल्मच्या रोलची रिकामी डबी आणून दिली, त्यात खरवडून भरलं. अश्विनीने ती पर्समध्ये टाकली.

दारात म्हणाली, "मंगळवारी तिला टोचत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं."
हो म्हटलं.
सई तिच्या कडेवरून मला टाटा करत होती.

रवि. २२

काल सई आली नाही. आज अश्विनीचा फोन. डॉक्टरांनी डबी पाहिली. वय बघता बरंच आहे म्हणाले, पण बंद झालंय तर आता काळजी नाही. मशीनची तपासणी रद्द. "दोन दिवस खेळतेय," म्हणाली. मग: "मी कुणाला सांगणार नाही, काकू. पण सईला पाठवणार नाही." आवाज चढवला नाही. चढवायला हवा होता.

बाकीच्या तीन आयांनाही सांगितलं. एकीने मुलाला लगेच काढलं. एक म्हणाली विचार करते. तिसरी म्हणे, "अहो, आमच्याकडे सासूबाई सर्रास द्यायच्या, त्यात काय!" तिचं ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वि. फोनवर म्हणतो, एखाद्या ओळखीच्या बाईकडून पत्र घे, कोण बघतंय. सगळं सांगितलं तेव्हा म्हणाला, "मला का नाही बोललीस?" मुग्धाने माझ्या हातून फोन घेतला, म्हणाली, "बाबा, आस्क हर लेटर."

मंगळ. २४

उद्या बुधवार. मुग्धाकडून नवा फॉर्म भरून घेतला. अकरावा: यस. पुढच्या रेघेवर "जायफळ" लिहिलं, किती ते लिहायला जागा होती, तिथे अडकलो. मुग्धाने लिहिलं, "नॉट मेझर्ड."

अश्विनीच्या दाराखालून सरकवायची चिठ्ठी. तीनदा फाडली. ही चौथी, इथेही उतरवून ठेवते:

"अश्विनी, खात्याला तुझं पत्र हवं आहे. माझ्याबद्दल चांगलं लिही असं म्हणत नाही. मी सईला काय दिलं, किती दिवस दिलं, आणि ती टोचून घेत असताना गप्प राहिले, ते सगळं तुझ्या हाताने लिही. खाली, या बाईकडे कुणी मूल ठेवावं की नाही, तेही तूच लिही, आणि सही कर. तू लिहिशील तसंच नेऊन देईन. तू नाही म्हणशील, ते धरूनच चाललेय. तरी विचारते. लिहिशील का?"