उजवीकडची नथ

११ ऑगस्ट
आमच्या वेबसाइटवरचा एक फोटो काढून टाकायला खरं काय लागलं, आज मांडून बघितलं. बटण दाबायला काहीच नाही. त्याआधी बेंबळीच्या गुरुजींचे एसटीचे हेलपाटे. परंड्याच्या मुनीरभाईचा अर्ज, कारण फोटो त्याच्या स्टुडिओतला, हक्क त्याचा. "बापाच्या सांगण्यावरनं काढता येत नाही" हे गुरुजींना तोंडावर सांगणारा मीच. 

फोटो मनीषाचा, गुरुजींच्या लेकीचा. लग्नातला, नथ घालून, हसती. बाळंतपणात गेली. मुनीरभाईनं कुणा डिझायनरला मोबाइलवर पाठवला, त्यानं कोपऱ्यातलं स्टुडिओचं नाव पुसून आमच्या साइटवर चढवला, 'नथवाली महिला' म्हणून. आमचं कामच ते. एकानं टाकायचा, जिल्हाभरच्या फ्लेक्सवाल्यांनी उतरवून घ्यायचा. साडीचं दुकान झालं, हळदीकुंकू झालं. गुरुजींनी बघितली ती फाट्यावर, डोहाळजेवणाच्या बोर्डावर.

जाताना एवढंच बोलले, "तुमच्या धंद्याला माझं नाव ठेवणं न्हाय. पण तिला आता निजू द्या."

१६ ऑगस्ट
फाटक बसवलं. म्हणजे असं, फोटो काढून टाकला तरी त्याचा ठसा ठेवायचा, संगणकानं काढलेला एक लांबलचक आकडा. तोच फोटो पुन्हा कुणी चढवायला गेला की दारातच अडतो. सुनंदानं (मेहुणी, आलेले फोटो तीच तपासते) परत परत चढवून बघितला. अडला. लई बरं वाटलं.

संध्याकाळी तुळजापूरला फ्लेक्सवाल्यांची बैठक. मी भिंती रंगवत वर आलेला माणूस, माइक हातात आला की राहवत नाही. बोलून गेलो, "एकदा गेलेलं माणूस माझ्या साइटवर परत येत नाही!" टाळ्या. येताना गाडीत एकट्यानं ते वाक्य मनात परत ऐकलं. नको होतं तसं बोलायला.

४ सप्टें.
तामलवाडी. टपरीवर चहा. समोर बोर्ड, त्यावर ती.

वाटलं, जुना असेल. पण चेहऱ्यात काहीतरी... कळंना. मागं बाकड्यावर दोघी एसटीची वाट बघत होत्या. कान आपले तिकडं.
"बघ की गं, नथ उजवीकडं."
"आरशात बघून घातली असंल."
"मग पदर बी आरशातच घेतला व्हय?"
हसल्या दोघी. मी कप ठेवून बोर्डाजवळ गेलो.

पलटवलेला फोटो. आमच्या धंद्याची रीतच आहे, कडेच्या सगळ्यांची तोंडं मधल्या साहेबांकडं पाहिजेत. कुणी बाहेर बघताना दिसला तर साहेबांची माणसं बोर्ड परत पाठवतात. म्हणून सर्रास पलटवायचं. पलटवला की ठसा बदलतो. फाटकाला वाटतं, कुणी नवीनच बाई आली.

५ सप्टें.
पलटवलेल्याचाही ठसा घेतला. मग कापलेला सापडला. मग गोरा केलेला. मग कपाळावर दुसरंच कुंकू. एकेक काढत गेलो. सुनंदा स्क्रीनवरनं नजर न काढता म्हणाली, "दाजी, किती तऱ्हेनं मारायचं हो हिला?"

मु.भाईला फोन. मला वाटलं, हक्काचं काहीतरी मागेल. म्हणाला, "सेठ, ती रडत होती त्या दिवशी, सासरी जायचं म्हणून. मीच बोललो, हस बेटी, एकदा हस. म्हणून हसली. आता रस्त्यानं जातो तर माझ्याकडंच बघून हसती."

१९ सप्टें.
बोर्ड बहुतेक उतरले. तरी रस्त्यानं जाताना बोर्डावर बाई दिसली की आधी नाक बघतो. आज हिनं बारशाला जायला नथ घातली. "असं काय बघताय?" काही नाही म्हटलं. डावीकडंच होती.

२४ सप्टें.
माई आल्या. गुरुजींच्या मंडळी. एकट्याच.
"ह्यांना सांगू नका मी आले ते."
नाही सांगत म्हटलं. बसल्या. पाणी दिलं, तसंच राहिलं.
"फाट्यावरचा बोर्ड गेला ओ. मी बाजारला जायची ना, तिथं जरा थांबायची. घरातले फोटो ह्यांनी सगळे पेटीत घातले, कुलूप लावलं. त्यांना बघवत न्हाय."
मी हक्क, अर्ज, नियम काढायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं, शाळेत पालक ऐकून घेतात तसं.
"एखादा राहू द्या की कुठंतरी. उलटा असला तरी चालंल. मला काय, बघायची आहे नुसती."

सुनंदानं हळूच सांगितलं, "दाजी, फोटो आपल्याकडं न्हायच. नुसता आकडा आहे."
खरंच की. तिला ओळखून हाकलायचं, एवढंच आमच्याकडं ठेवलंय तिचं.

मु.भाईला विचारलं. "फ्रेम करून देतो, पैसा नको. पण गुरुजींना विचारलं का?"
नाही विचारलं. काय विचारू? निजू द्या म्हणाले होते.

२९ सप्टें.
अजून गुरुजींना फोन केला नाही. दोनदा नंबर काढला.

सकाळी आल्या आल्या सुनंदानं खुर्ची सरकवली. "बघा." कुणीतरी संगणकाकडनं चित्र करून घेतलंय, रंगवल्यासारखं. साडी वेगळी, दागिने वेगळे, मागं देवळाचं शिखर. हसू तेच. फोटोच नाही, तर मु.भाई अर्ज कशाचा करणार? आणि माईंना हे सांगू का नको?

सुनंदा विचारते, काढू का? थांब म्हटलं.

फाटकानं अडवलं नाही. काल संध्याकाळपासून ती साइटवर आहे.