पुढच्या सीटखालचं शिसं

प्रिय धाकटोबा,

आज उडणं झालं नाही. सकाळी हँगरचं दार सरकवलं तर धावपट्टीच नाहीशी. आपल्याला वर जाता येत नाही म्हणून ढगच खाली भेटायला आल्यासारखा. तरी घरी कुणी गेलं नाही. तुला ही मंडळी माहीतच आहेत.

सरांनी ग्लायडरचे पंख चमकवायला काढले. फडक्यावर मेण घेऊन आम्ही गोल गोल हात फिरवत राहिलो. ढग दाराशी घुटमळत होता, आत यावं की नाही अशा विचारात. कुणी मोठ्यानं बोलेना. मध्येच वाटायचं, अख्खा हँगरच हळूहळू तरंगतोय. ग्लायडर वर खेचणारं विंच यंत्र चालवणारे काका तुटलेला दोर जोडता जोडता म्हणाले, धाकटोबा असता तर एव्हाना कुठल्यातरी कॉकपिटमध्ये घोरत पडला असता. सगळे हसले, आणि मग पुन्हा फडकी फिरवू लागले.

तू फोनवर म्हणालास ते मी त्यांना सांगितलंय. आजार गेला, सोबत कुणी असेल तर उडायला डॉक्टरांची हरकत नाही. पण तू येणार नाहीस, कारण अंगावर काही उरलेलंच नाही, पुढच्या सीटला लागतं तेवढं वजन भरणार नाही, विषय संपला. रागावू नकोस. मला एकटीला ते पेलवेना.

अरे, ग्लायडरचा तोल जाऊ नये म्हणून हलक्या माणसासाठी सीटखाली शिसं ठेवतातच. शाळकरी मुलींसाठी तूच कितीदा ते बसवलंयस. आपल्याकडचं पुरायचं नाही म्हणून दुपारी मिस्त्रींनी आणखी पट्ट्या कापल्या. त्या वाजू नयेत म्हणून मी जाड कापडाच्या खोळी शिवल्या. माझे टाके बघून मिस्त्री म्हणाले, ताई, यात वाघ बांधायचाय का?

आता किती पट्ट्या बसवायच्या ते तुझ्या वजनावर ठरणार, आणि ते विचारायला कुणाची जीभ रेटेना. सर उगाच चष्मा पुसत बसले. म्हणून मी लिहितेय. आई म्हणते, तू वजनकाटा पलंगाखाली ढकलून दिलायस. तो बाहेर काढ. त्यावर उभा राहा आणि येईल तो आकडा कळव. मला बरं वाटावं म्हणून दोन-चार किलो वाढवून सांगू नकोस. मागच्या सीटवर मी बसणार आहे.

तुझीच,
ताई