इल्कोचा नंबर

रुसे, ११ एप्रिल, सोमवार

जोडतोडीच्या संगणकावर पोट भरणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, ही रोजनिशी तुमच्यासाठी! कंपनी म्हणते, आमची प्रणाली आमच्याच महागड्या डब्यावर चालवा. का म्हणून? मी सुटे भाग जोडले आणि त्यांवर तीच चालवून दाखवली.

आज नव्या खोलीत आलो. खिडकीतून डॅन्यूब नदी दिसते. घरमालकीण त्स्वेता मावशींनी चीज भरलेला गरम बानित्सा खाऊ घातला, वर दही. शुक्रवारी भाडेकरू संघाचं पत्रक छापखान्यात धाडायचं आहे. खाली प्रथमच माझी सही असेल: ओग्न्यान.

दारावर आधीचा भाडेकरू इल्को वारल्याचा कागद आहे, फोटोसह. चाळीस दिवस होईपर्यंत हात लावायचा नाही, असं मावशींनी बजावलं.

१२ एप्रिल

नेटवर्क कार्ड मुकं होतं. ते चालवणारे तीन ड्रायव्हर प्रोग्राम फसले, चौथा बसला आणि हिरवा दिवा लागला! पण इमारतीचं नेट तळमजल्यावरचा व्लाडो चालवतो. ज्या कार्डाचा नंबर त्याच्या यादीत, त्यालाच वाट. नवा नंबर रहिवाशांच्या रविवारच्या सभेनंतरच चढणार. व्लाडो हसला. म्हणाला, अरे पुढारी, थांबतोस कशाला? तुझ्या कार्डाला इल्कोचा नंबर दे, सगळे असंच करतात. तो काय उठून तक्रार करणार आहे?

दिला.

१३ एप्रिल

नेट धावतंय. दुपारी पडद्यावर सूचना आली: हा नंबर दुसरं यंत्र वापरत आहे. व्लाडो म्हणाला, इल्कोचं यंत्र त्याच्या बहिणीनं केव्हाच भंगारात घातलं. पुढारी, रकिया जरा कमी पी.

सूचना दर तासाला येते.

१४ एप्रिल

यंत्राला मी ‘ओग्न्यान’ असं नाव दिलं होतं. आज तिथे ‘इल्को’. बदललं. पुन्हा इल्को. पत्रकाखालची सहीसुद्धा—

मावशी कॉफी घेऊन आल्या. बिनसाखरेची आहे हो इल्को, तुला लागते तशी, म्हणाल्या. मी दोन चमचे साखर घेतो.

१५ एप्रिल

सही दुरुस्त करून पत्रक पाठवलं. छापखान्याचं उत्तर: मिळालं, इल्को.

ड्रायव्हर काढून टाकला. तार उपटली. हिरवा दिवा तसाच—

१६ एप्रिल

इल्कोचा चाळिसावा दिवस. मावशींनी दारोदार उकडलेला गहू वाटला. मी हात पुढे केला. त्या पुढे गेल्या.

दारावर नवा कागद. नाव इल्कोचं. फोटो— माझा.

व्लाडोला जिन्यात अडवलं. तो थांबला नाही. मावशींना विचारत होता, खोली रिकामीच आहे ना, एक चांगला भाडेकरू आहे—

त्यालाही हाच नंबर देतील.

भावाबहिणींनो, हे वाचताच तळमजल्यावर जा. व्लाडोच्या यादीतला इल्कोचा नंबर खोडा. आजच. मी इल्को नाही. माझं नाव ओ—