पाचव्या भागामागची पानं

९ फेब्रुवारी

चिरंजीव धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, तुझ्याकडेही असेल. पंपदुरुस्तीचं दुकान बरं चाललंय असं वहिनीकडून कळलं. तिचे गुडघे थंडीत कुरकुरतात, पण जिभेला काही झालेलं नाही, तेव्हा काळजी नको. माझं अक्षर मोठं आणि वाकडंतिकडं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. नवीन पेन घेतलंय, जाड टोकाचं. हाताला बसायला वेळ लागतो.

फोनच केला असता. पण फोनवर मी "बरा आहेस ना?" म्हणतो, तू "हं" म्हणतोस, आणि मी फोन वहिनीकडे देतो. सहा वर्षं हेच चाललंय. मला त्याचा कंटाळा आलाय. खरं सांगायचं तर हल्ली सगळ्याचाच येतो.

छापखान्यातून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली, पण आवारातली वाचनालयाची खोली अजून माझ्याकडेच आहे. कागदाच्या गठ्ठ्यांचं गोदाम, त्याच्या मागची ती अरुंद खोली. पंखा तोच, कुरकुर तीच. अंतराळातल्या आरमाराची ती कादंबऱ्यांची मालिका अजून खिडकीजवळच्या कपाटात असते आणि नियमही तुझ्या वेळचाच आहे. बाजारातलं पातळ पुठ्ठ्याचं पुस्तक मी उसवतो, जाड पुठ्ठ्यात नव्यानं बांधतो आणि मागे आठ कोरी पानं शिवतो. वाचेल त्यानं त्यावर एक पानभर मत लिहायचं. मत लिहिल्याशिवाय पुढचा भाग नाही. आणि पहिलं मत ग्रंथपालाचं, म्हणजे माझं.

लोकांनी काय काय लिहिलंय म्हणून सांगू! तुला हसायला येईल. आपला वेल्डर प्रत्येक भागाखाली एकच वाक्य लिहितो, "अंतराळात स्फोटाचा आवाज येत नाही, बाकी भाग उत्तम." कवायत मास्तर निवृत्त झाले तरी कवायत सुटलेली नाही. सातव्या भागात एका खलाशानं डाव्या हातानं सलाम ठोकला म्हणून त्यांनी अख्खं पान खरडलंय. शिंपीणबाईंचं मत असं, की गणवेशाला चौदा बटणं लावणारं आरमार लढाईला वेळेवर पोचणं शक्य नाही. दवाखान्यातल्या नर्सबाई तुला आठवतात? त्यांनी आठव्या भागाखाली लिहिलंय, "चाळीस हजार माणसं कामी आली. लेखकानं एकाचीही जखम बांधलेली नाही."

हे मी त्यांना वाचून दाखवायला लावलं, तेव्हा त्या माझ्याकडे जरा रोखून बघत होत्या. का, ते सांगतो. आज पुरे. डोकं दुखतंय.

१० फेब्रुवारी

कालचं पत्र वहिनीनं वाचलं. म्हणाली, "नवीन पेन? अहो, त्याला लिहिताय की बनवताय?" तेव्हा आधी ते सांगून टाकतो.

माझे डोळे गेले, धाकट्या. पूर्ण नाही. मधलं गेलंय, कडा राहिल्यात. तुझ्याकडे बघितलं तर कान दिसतील, चेहरा दिसणार नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, आहे ते सांभाळा. हे पत्र मी पुठ्ठ्याच्या पट्टीत लिहितोय. तिच्यात ओळीएवढ्या खाचा कापल्यात, बोटानं चाचपत पुढे जातो. चाळीस वर्षं बांधणी केली, तेव्हा खाचा मात्र सरळ आल्यात.

तीन वर्षांपासून छापील अक्षर लागत नव्हतं. कुणाला बोललो नाही. ग्रंथपालाला वाचता येत नाही हे सांगायचं कुठल्या तोंडानं? हातानं लिहिलेलं मोठं अक्षर तेव्हा अजून लागायचं. म्हणून मी एक सोंग काढलं. नवीन भाग बांधला, की पहिलं मत-पान कोरं ठेवायचो, "सावकाश लिहितो" म्हणायचो, आणि पुस्तक तसंच फिरू द्यायचो. चौघांची मतं आली, की त्यांतलं थोडं थोडं उचलून आपलं लिहायचं. आठवा, नववा असेच निभावले. लोक म्हणायचे, ग्रंथपालांचं मत कसं समतोल असतं! असणारच. चौघांचं होतं ना ते.

नववा तर निम्माच निभावला. नववा संपता संपता कप्तान मरतो. पण "वाचणाऱ्याचा रस जाईल" म्हणून कुणीच ते मतात लिहिलं नाही. भली माणसं! मग दहावा आला. मास्तर अडून बसले, "या वेळी नियमानं आधी तुमचं मत, मगच पुस्तक हलेल." मी काय करणार? ठोकून दिलं. "कप्तान या भागात पूर्वीपेक्षाही धीरोदात्त वाटले. त्यांचे अखेरचे भाषण अंगावर शहारे आणते."

मेलेल्या माणसाचं भाषण!

तोंडावर कुणी काही बोललं नाही. खाली मास्तरांनी लिहिलं, "ग्रंथपालांशी सहमत. कप्तान अमर आहेत." वेल्डरनं लिहिलं, "भाषणाचा आवाजही अंतराळात येत नाही, तरी ग्रंथपालांना आला." नर्सबाईंनी काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. बस्स झालं." कप्तान नवव्यातच मेला हे, आणि मास्तरांच्या नि वेल्डरच्या त्या दोन ओळी, त्यांनी मला रिक्षातच सांगितल्या. मी हसलो. मग रडलो. रिक्षावाल्यानं आरसा वळवून बघितलं. बघू दे म्हटलं.

आता अकरावा आलाय. शेवटचा. बांधून तयार आहे, टेबलावर पडलाय. रोज कुणीतरी विचारून जातं आणि मी "सरस वाळतोय" म्हणून सांगतो. तीन आठवडे न वाळणारा सरस जगात नसतो, हे छापखान्यातल्या माणसांना कळत नाही असं थोडंच आहे? नर्सबाई म्हणाल्या, "रोज तासभर येऊन वाचून दाखवते." वहिनीही म्हणाली, आणि तिला तर अंतराळ म्हटलं की जांभया येतात. दोघींनाही मी नको म्हणालो.

१२ फेब्रुवारी

काल लिहिलं नाही. जे लिहायचं होतं ते टाळत होतो.

पहिले चार भाग मी तुला वाचून दाखवले होते. तू माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान, बाबा गेलेले. बाप म्हण, भाऊ म्हण, मीच. तू पोटावर पडून ऐकायचास आणि लढाई आली की उठून बसायचास. मला वाटायचं, पोराच्या अंगात काय रग आहे! चौथा भाग संपला त्याच महिन्यात सैन्यभरतीचा अर्ज मी आणला. तू मागितला नव्हतास. तुझ्या प्रमाणपत्रांना कापडी कण्याची फाईलही मीच करून दिली. सगळ्यांना दाखवत फिरत होतो.

नऊ वर्षांनी तू परत आलास. कुणाशी बोलायचा नाहीस. जेवायचास, अंगणात बसायचास. मी एकदा विचारलंही, "लढाई कशी असते रे, खरीखुरी?" तू उठून गेलास. मग एके दिवशी आपणहून वाचनालयात येऊन पाचवा भाग नेलास. मला केवढा आनंद झाला! आठवड्यानं परत केलास, त्यात तुझं मत होतं. एक नाही, तीन पानं. दोन्ही बाजूंनी.

त्या भागात कोवळा तोफची कप्तानाच्या मांडीवर मरतो, मरताना मोठं भाषण करतो. सगळे वाचक त्यावर रडले होते. तुझी पहिली ओळ मला पाठ आहे. "माणूस मरताना भाषण करत नाही, आणि हे मला दादानं वाचून दाखवलं होतं."

मी तिथंच थांबलो. पुढे वाचलं नाही. ब्रश घेतला, कोरा कागद घेतला आणि तुझी सहाही पृष्ठं वरून झाकून टाकली. लोकांना सांगितलं, एका पानाचा नियम आहे, नियम म्हणजे नियम. घरचा म्हणून सूट नाही. कवायत मास्तरांनी पाठ थोपटली माझी.

दुसऱ्या दिवशी तू सहावा भाग मागायला आलास. समोर पाचवा पडला होता. तू तो मागून उघडलास, झाकलेल्या कागदावरून हात फिरवलास आणि म्हणालास, "मत दिल्याशिवाय पुढचा भाग नाही ना? मग राहू दे." आवाजही चढवला नाहीस. पुढच्या आठवड्यात सामान बांधून गेलास.

एका पानाचा नियम होता हे खरं. पण नर्सबाई कितीदा दीड पान लिहितात, मी कधी चकार शब्द काढला नाही. मी तुझी पानं झाकली ती भीतीनं. पुढच्या ओळीत तू म्हणणार होतास, दादानंच मला पाठवलं. नऊ वर्षं तू जे कुणालाच सांगितलं नाहीस ते तिथं लिहिलं होतंस, माझ्याच शिवलेल्या पानांवर. आणि मी स्वतःला वाचवलं. चूक माझी होती, धाकट्या. ही ओळ लिहायला मला सहा वर्षं आणि दोन डोळे लागले.

परवा मी तो कागद काढला. नुसता ओला फडका अर्धा तास ठेवला आणि हाडाच्या पट्टीनं हळूहळू उचलला. निघाला, कारण त्या दिवशी हात सरसाकडे न जाता मैद्याच्या खळीकडे गेला होता. सरस लावला असता तर तुझी पानं फाटूनच निघाली असती. पुढेमागे उघडायचं असेल तिथं आम्ही खळ लावतो. तेव्हा मनात तसं काही होतं का, मला ठाऊक नाही. मला त्याचं श्रेय देऊ नकोस. तू बॉलपेननं लिहिलं होतंस, म्हणून शाई फुटली नाही. ओळी जागच्या जागी आहेत एवढं कडेकडेनं दिसतं. काय लिहिलंय ते दिसत नाही.

वहिनी म्हणाली, "आणा, मी वाचते." मी पुस्तक छातीशी धरलं. ते दुसऱ्या कुणाच्या आवाजात मला ऐकायचं नाही. तू वाचून दाखव. पहिली ओळ सोडलीस तरी चालेल, ती मला येते. त्यात माझ्याबद्दल जे असेल ते असू दे. मी मध्ये बोलणार नाही, आणि ऐकून झाल्यावर "पण" म्हणणार नाही.

मग अकराव्याचं काय करायचं ते तू ठरव. तू वाचून दाखवणार नसशील, तर नर्सबाई आहेत. मास्तरांना सरसाचं कारण आणखी आठवडाभर पुरवतो.

सहावा भाग मात्र तुझ्या नावावर लिहून ठेवला आहे. तुझं मत आता उघडं आहे, तेव्हा नियमानं तो तुझाच. खिडकीजवळच्या कपाटात, वरून दुसरा. हे पत्र टाकायला वहिनी निघाली आहे. उत्तर लिहू नकोस, मला वाचता येणार नाही.

ऐकायला बसलेला,
तुझा दादा