तुझ्या पत्रांतली किळस

कासू, रविवार दुपार

प्रिय डॅनियल,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या आईनं आधी वाचलं, मग माझ्या हातात दिलं, आणि मी ते न वाचताच कपाटावर ठेवून दिलं. वाचल्याशिवाय उत्तर लिहितोय म्हणून रागावू नकोस. आत काय असेल ते मला ठाऊक आहे. काहीतरी घाण असेल.

तू गेल्यावर पहिलं पत्र आलं ते न्हाणीघराचं. लिव्हरपूलच्या त्या होस्टेलात लोक टबात पाणी भरतात, त्यातच बसतात, त्यातच साबण लावतात आणि त्याच पाण्यातून उठून अंग पुसतात, असं तू लिहिलंस. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हैसही डबक्यात बसते, पण बसून उठल्यावर तिला आंघोळ केलेली कोणी म्हणत नाही. मग भांड्यांचं आलं. फेसाच्या पाण्यातून ताट काढायचं आणि न विसळता फडक्यानं पुसून मांडायचं. म्हणजे पुढच्या जेवणात साबण पोटात. मग तो शेजारच्या खोलीतला मुलगा, बूट घालून गादीवर लोळणारा आणि सगळ्यांच्या तव्यावर डुक्कर तळणारा. संडासातल्या कागदाबद्दल तर मी इथे लिहीतही नाही. तुझी आई माझं पत्र पाकिटात घालण्याआधी वाचते.

तू लिहायचास आणि मला उमासे यायचे. तरी मी प्रत्येक पत्र दोनदा वाचायचो. एकदा मनात आणि एकदा शेजारी जनूच्या ओटीवर, मोठ्यानं. जनू मिठागरावरून आलेला असायचा, पाय अजून पांढरे, आणि चहा हातात धरून तोंड वाकडं करत ऐकायचा. टबाचं ऐकल्यावर म्हणाला, "आरं, मंग आमच्या खाऱ्या पान्याच्या कोंडीत बसला तरी काय वाईट? निदान मीठ तरी लागंल आंगाला!" त्याची ठमाबाई आतून ओरडली, "तुमचा नातू कागदानं पुसतंय नि तुमी त्ये साऱ्या गावाला वाचून दाखवताव, आजा! लाज नाय वाटत?" नाही वाटली. खरं सांगतो, मला मजा यायची.

इथेही काही कमी घाण नाही, ते तुला माहीत असावं म्हणून लिहितो. मागच्या महिन्यात रोह्याला लग्नाला गेलो होतो. तिथे आता उभ्यानं जेवतात. हातात ताट घेऊन रांग लावायची, भिकाऱ्यासारखं पुढे करायचं, मग कोपर दुसऱ्याच्या पोटात लावून खायचं. एका बाईनं उष्ट्या हातानं भाताच्या भांड्यातला डाव उचलला. मी ताट तसंच ठेवून बाहेर आलो आणि पाणीसुद्धा न पिता गाडी पकडली. तुझा बाप डेव्हिड म्हणाला, "बाबा, आता अशीच पद्धत आहे." पद्धत! उकिरड्यालाही पद्धत असते. डेव्हिडला डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जाऊन जाऊन कुठेही कसंही खायची सवय झालीय. पेणच्या स्टँडवर मुतारीशेजारी वडे तळतात, तिथेसुद्धा तो उभा राहतो.

मला सगळ्याचीच किळस येते असं तुझी आई म्हणते. येते. चौथीपर्यंत शिकलो, पुढचा सगळा जन्म पेणच्या गिरणीत पोह्यांतला कोंडा आणि खडे पाखडण्यात गेला. नको ते बाजूला काढायचं, एवढंच मला येतं. पण तुझ्या पत्रांतली किळस वेगळी होती. ती मी जपून ठेवायचो. का, ते तू विचारलं नाहीस, कोणीच विचारलं नाही. आपली बेने इस्राएल माणसं इस्राएलला गेली तेव्हाची पत्रं मी पाहिलीत. माझा भाऊ गेला, तामारमावशीचं सगळं घर गेलं. पहिल्या वर्षी सगळे शिव्या देतात. पाव कोरडा आहे, कोकम मिळत नाही, माणसं भांडकुदळ आहेत. दुसऱ्या वर्षी फोटो येतात, त्यात सगळे काळे चष्मे घालून हसत असतात. मग काहीच येत नाही. म्हणून मी ठरवलं होतं, जोवर पोराला तिथली घाण वाटते आहे तोवर पोर आपलं आहे.

आता हरेशचं सांगतो. जनूचा हरेश बोटीवरून सुट्टीवर आला. त्याची बोट तुमच्या बंदरात लागली होती आणि तो एक दिवस तुझ्याकडे राहून गेला, हे तू मला कळवलं नाहीस. आल्या आल्या तो आपल्या ओटीवर बसला, सिगारेट लपवत. मी विचारलं, काय रे, पोराचे हाल आहेत ना? तर तो खो खो हसायला लागला. "हाल? आजा, डॅन्या मजेत हाय! त्या टबात बसतंय नि तासभर गाणी म्हणतंय. मी भाईरनं दार वाजवलं तर म्हणतंय, थांब, पाणी अजून गरम हाय."

मी म्हणालो, तो दुसराच कोणी असेल. मग हरेशनं सगळंच सांगितलं. तुझं पातेलं वेगळं आहे, कपाटात कुलूप लावून ठेवतोस, त्यात डुकराचं काही शिजत नाही. शुक्रवारी संध्याकाळी तू घरच्यासारखा दिवा लावलास, नारळाची पूड घालून माशाचं कालवण केलंस, आणि तो बूटवाला मुलगा बूट बाहेर काढून जेवायला आला. आणखीही आले. कालवणात पाव बुडवून खाल्ला आणि बोटं चाटली. कालवणात पाव! ऐकूनच मला शिसारी आली. आणि तू म्हणे त्यांच्याशी इतक्या भराभर बोलत होतास की हरेशला एक शब्द कळेना.

मी हरेशला म्हणालो, मग हा मला असं का लिहितो? हरेशनं लपवलेली सिगारेट विझवली. मग म्हणाला, "मी पन त्येच इचारलं, आजा. डॅन्या म्हनला, आजोबांना बरं वाटतं."

त्या दिवसापासून मला तुझं पत्र उघडवत नाही. घरातून इतक्या लांब, परीक्षा तोंडावर, आणि माझा नातू बसून माझ्यासाठी घाण शोधतो. नसेल तर जुनी उगाळतो. मी तुला काय करायला लावलं, याची मला जेवढी किळस आली तेवढी त्या टबाचीही आली नव्हती. मी ओटीवर बसून पोराचे हाल मोठ्यानं वाचत होतो आणि वर चहा मागत होतो.

आता हे पत्र का लिहितो ते ऐक. तू निघालास त्या दिवशी तुझ्या आईनं एलियाहू हन्नबीला नवस बोलला की पोर सुखरूप पोचू दे, मलिदा करीन. तो तिनं केव्हाच केला, तुला ठाऊक आहे. पण त्याच दिवशी मीही एक नवस बोललो होतो, कोणाला न सांगता. पोर तिथे रुळू देऊ नकोस, त्याला तिथलं काही गोड लागू देऊ नकोस, परत आलं की मलिदा करीन. असला नवस कोणी आजा बोलत नाही. आपल्यात मागितलेलं मिळालं की मलिदा करतात. मला मिळालं नाही. तरी आज सकाळी मी मलिदा केला. पेणहून चांगले पोहे आणले, स्वतः भिजवले, नारळ खोवला, गूळ घातला, फळं मांडली. प्रार्थनेला लागतात ती दहा माणसं जमवताना जीव मेटाकुटीला आला, रोह्यापर्यंत निरोप पाठवले. उरलोत किती आपण. जनू ओटीवर बसला होता. हातावर मलिदा घेऊन त्यानं विचारलं, "कसला नवस फिटला, नथूभाव?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुझे वडील, तुझी आई, सगळेच. मी म्हणालो, पोर तिकडे रुळलं, त्याचा. तुझ्या आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटतं ती हसत होती, पण मी नीट पाहिलं नाही.

तेव्हा डॅनियल, यापुढे मला घाण लिहू नकोस. तुला तिथलं जे आवडतं ते लिही. त्या मुलांची नावं लिही, कोण कसं जेवतं ते लिही. माझ्यानं ते वाचवणार नाही. तरी लिही.

तुझाच,
नथानियल आजा