सल्बीच्या रस्त्याची अलीकडची आणि पलीकडची बाजू

मी, श्रीमती व्होरी केर्मीन, वय वर्षे शहात्तर, धंदा मोटरसायकलस्वारांचे चामडी पोशाख शिवणे व दुरुस्त करणे, राहणार सल्बी, आइल ऑफ मॅन, आज कोणाचा दबाव नसताना, औषधाच्या गुंगीत नसताना आणि कोणावर विशेष रागावलेली नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. आधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. माझी बुद्धी शाबूत आहे. मनाबद्दल मी शपथेवर काही सांगू शकत नाही, कारण बऱ्याच वर्षांत त्याने फारशी हालचाल केलेली नाही. डॉक्टर म्हणाले की हृदय थकले आहे, पुढचा हिवाळा बघू. ते हे सांगत होते तेव्हा मी त्यांच्या कोटाचे लोंबणारे बटण बघत होते.

माझ्या मागे दोनच माणसे आहेत. सून डेब्रा आणि नात ब्रीशा. दोघींचे सध्या एका गोष्टीवरून बोलणे बंद आहे, आणि ती गोष्ट माझ्या शेडमध्ये उभी आहे. माझा मुलगा इलियम याची मोटरसायकल. ब्रीशाला ती येत्या ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांच्या शर्यतीत चालवायची आहे. डेब्राला तिचे तुकडे झालेले हवे आहेत. मी गेल्यावर ती कोणाच्या हाती जाणार, हे मला इथे ठरवायचे आहे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रॅम्झीचे वकील श्री. कॅनेल यांनी करावी. खाजगी गोष्टी यात घालू नयेत असा त्यांचा सल्ला होता. मी म्हटले, काय द्यायचे ते लिहीन तर का द्यायचे तेही लिहीन. त्यांना वाचायचे नसेल तर त्यांनी गाळून वाचावे.

कलम २. माझे दफन. माझा नवरा नेड आणि त्याचा धाकटा भाऊ फिनलो चर्चच्या आवारात आहेत, मध्ये एका माणसाची जागा सोडून. ती जागा माझी असे सगळे धरून चालतात. मला तिथे पुरू नये. त्या दोघांच्या मध्ये बसून मी वर्षानुवर्षे चहा ओतला आहे, तेवढे पुरे. मला भिंतीकडेला जागा द्यावी.

दोघांचा वाद एकच होता. नेड सरळ रस्त्याचा माणूस, फिनलो वळणांचा.

"सरळ रस्त्यावर वेगाची मूठ पिळून धरून ठेवायला छाती लागते," नेड म्हणायचा. "वळणावर काय, घाबरटसुद्धा हळू होतो आणि वर त्याला कौशल्य म्हणतो."

"सरळ रस्त्यावर गाडी पळते रे, तू नुसता वर बसलेला असतोस. बटाट्याचं पोतं बांधलं तरी तेवढंच पळेल."

"पोत्याला झेपेल का तेवढा वेग?"

"न झेपायला काय झालं? आणि पोतं घरी येऊन बढाया मारत नाही."

आमचे घर सल्बीच्या सरळ रस्त्याच्या उत्तरेला, फिनलोचे बरोबर समोर दक्षिणेला. मोटरसायकलींची शर्यत याच रस्त्यावरून जाते, आणि तिच्यासाठी रस्ता बंद झाला की ओलांडायची सोय नाही. तेव्हाही हे दोघे आपापल्या फाटकाशी उभे राहून, एक गाडी गेली की दुसरी यायच्या आत, ओरडून वाद चालू ठेवत. पाहुण्यांना वाटे भांडण लागले आहे.

कलम ३. चामडे शिवायचे मशीन, आऱ्या, मेणाचा दोरा आणि कातडी कापायच्या टेबलासकट सगळी हत्यारे रॅम्झीच्या मिस क्रेगीन यांना द्यावीत. माझी अर्धी गिऱ्हाइके त्यांनी आधीच नेली आहेत, आता मशीनही न्यावे. त्यांचे टाके सैल असतात. हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

कलम ४. कपाटातले पोशाख. नेडचा पोशाख छातीवर आणि हनुवटीखाली घासलेला आहे, कारण तो पेट्रोलच्या टाकीवर पालथा पडून जायचा. फिनलोचे गुडघे इतक्या वेळा जमिनीला लागले की मी तिथे ठिगळावर ठिगळ लावले. दोन्ही पोशाख गावच्या सभागृहाला द्यावेत, त्यांना भिंतीवर काहीतरी टांगायला हवेच असते.

लग्नाआधी मी दोघांच्याही मागे बसले होते. नेडच्या मागे बसून याच रस्त्यावरून गेले तेव्हा कुंपणाची झाडे जाऊन एक हिरवी रेघ उरली, डोळ्यांतले पाणी कानांत गेले, आणि मला कळले की इथे आपल्याला करायचे काहीच नाही, फक्त धरून बसायचे. फार शांत वाटले. फिनलोने डोंगरातल्या वळणांवरून नेले. प्रत्येक वळणाला गाडी पडतेय असे वाटे आणि ती पडत नसे. मी किंचाळले, हसले, त्याच्या पाठीवर बुक्के मारले, आणि वर पोचल्यावर म्हणाले, "पुन्हा!" नंतर मी नेडशी लग्न केले. रोज किंचाळत संसार करता येत नाही असे मला वाटले होते. ते चूक होते असे मी म्हणत नाही.

इलियमचा पोशाख माळ्यावर पिशवीत आहे. तो छातीवर नेडसारखा आणि गुडघ्यावर फिनलोसारखा घासलेला आहे, आणि पुढून इस्पितळाच्या कात्रीने कापलेला आहे. तो मी कधी शिवला नाही. तो माझ्याबरोबर पेटीत ठेवावा.

इलियमच्या शेवटच्या शर्यतीच्या दिवसाबद्दल लोक वेगवेगळे सांगतात, म्हणून एकदा नीट लिहिते. रस्ता बंद होता. डेब्रा पोटुशी होती, लिव्हरपूलला आईकडे गेली होती. मी स्वयंपाकघरात, रस्त्याकडेला उभे राहून स्वारांना धोक्याचे झेंडे दाखवणाऱ्या झेंडेवाल्यांसाठी सँडविच करत होते. आमच्याकडे घरातली माणसे आपल्या माणसाची गाडी आवाजावरून ओळखतात, खिडकीशी जावे लागत नाही. दुसऱ्या फेरीला नेडने कान टवकारले आणि म्हणाला, "गेला बघ आपला." मी पावाला लोणी लावत राहिले. तो आपला नव्हता. तशाच बनावटीची दुसऱ्या कोणाची तरी गाडी होती.

मग समोरून फिनलोची हाक आली. त्याच्याकडे रेडिओ होता. आम्ही दोघे फाटकाशी गेलो.

"व्होरी!" एक गाडी गेली. "इलियम पडला!"

"कुठं?" नेड ओरडला. दुसरी गाडी गेली.

"शेवटच्या वळणावर! सरळ लागायच्या आधी!" आणखी एक. "शुद्धीवर आहे! हेलिकॉप्टर आलंय!"

नेडने फाटक उघडले. आमच्या कोपऱ्यावरचे झेंडेवाले हॅरॉल्ड स्किलिकॉर्न यांनी त्याला कमरेला मिठी घालून मागे ओढले. "नेड, दोन पावलं टाकलीस तर तू जाशील आणि येणारा पोरगाही जाईल." ते बरोबरच होते. शर्यतीचा रस्ता बेटावर एक मोठे रिंगण घालतो. इस्पितळ रिंगणाच्या आत, फिनलोच्या बाजूला. आम्ही बाहेरच्या बाजूला. फिनलोच्या घरामागून डोंगरातली वाट आतल्या आतच इस्पितळापर्यंत जाते.

"मी जातो!" फिनलो ओरडला, आणि गेला.

आम्ही रस्ता उघडेपर्यंत थांबलो. नेड फाटकाला धरून उभा होता. मी आत येऊन उरलेले सँडविच पुरे केले, कडा कापल्या, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवले. तेव्हा मला काही वाटत नव्हते. नंतर वाटेल म्हणून मी वाट पाहिली. रस्ता उघडला, आम्ही पोचलो, इलियम गेलेला होता, फिनलो बाहेर बाकावर हा पोशाख मांडीवर घेऊन बसला होता, आणि तेव्हाही काही वाटले नाही. लोक म्हणाले व्होरी खंबीर आहे. खंबीर नव्हते, बधिर होते. अजूनही बहुतेक तशीच आहे.

वळणाचा दोष की सरळ रस्ता दिसल्यावर केलेल्या घाईचा, हा वाद त्या दोघांनी कधी घातला नाही. नेड फिनलोशी बोललाच नाही. बापाच्या जागी काका जाऊन बसला, हा त्याचा राग. समोरासमोर दारे, आणि एवढ्या वर्षांत एक शब्द नाही. नेड गेल्यावर फिनलो रस्ता ओलांडून आला, चहा घेतला, तेव्हा मी विचारले, "इलियम काही बोलला का रे?"

"विचारत होता, बाबा कुठे आहेत."

"मग?"

"मी सांगितलं, रस्ता बंद आहे. म्हणाला, हो की, आज शर्यत आहे."

फिनलोही गेला. त्याने घर माझ्या नावावर केले. म्हणून आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरे माझी आहेत.

कलम ५. बँकेत जे निघेल ते, चिनी मातीची भांडी आणि चांगले ब्लँकेट डेब्राला. किटली तिने टाकून दिली तरी चालेल. ती गळते हे तिने मला वीस वेळा सांगितले आहे.

कलम ६. मोटरसायकल. इलियम पडला ती ही नव्हे, ही त्याची दुसरी. नेड दर रविवारी तिचे इंजिन चालू करून ऐकत बसायचा. शेडमध्ये लांब शेपटीवाले फार झाले आहेत (त्यांचे नाव आमच्या बेटावर अशुभ म्हणून घेत नाहीत, मृत्युपत्रातही घेणार नाही). त्यांनी सीट कुरतडली होती, ती मी नवीन शिवली आहे.

डेब्रा जानेवारीत आली, कोट न काढता उभी राहिली. "व्होरी, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. त्या गाडीचे तुकडे करा. तुम्ही तरी मला समजून घ्याल."

मी समजून घेतले. वाटले मात्र काही नाही, आणि त्याची मला लाज वाटते असे लिहिले तर तेही खोटे होईल.

ब्रीशाने मागितले नाही. ती त्याआधीच, गेल्या सप्टेंबरमध्ये, स्वतःच्या गाडीवर आली आणि म्हणाली, "आजी, बस मागे. डॉक्टरांना नको सांगू." मी बसले. सरळ रस्त्यावर तिने मूठ पिळली, कुंपणाची हिरवी रेघ झाली, डोळ्यांत पाणी आले. ते वाऱ्याने आले होते. मी स्वतःशी म्हटले, पूर्वी इथे शांत वाटायचे, तेही गेले म्हणायचे. मग तिने गाडी डोंगरात घातली. तिसऱ्या का चौथ्या वळणाला ती मान वळवून ओरडली, "आजी, तू माझ्या आधी कलतेयस!" खरेच, माझे अंग आपोआप कलत होते, आणि तोंडातून एक किंचाळी निघाली. भीतीची की आनंदाची ते कळले नाही. इतक्या वर्षांनी आली, म्हणून मी जास्त चौकशी केली नाही.

वर पोचल्यावर मी तिला म्हटले, "तुझ्या बापाला सरळ रस्ता आणि वळणं दोन्ही आवडायची. तुला काय आवडतं?"

"सरळवर मला बाबांचा विचार येतो," ती म्हणाली. "वळणावर यायला वेळच नसतो. दोन्ही लागतं गं."

मोटरसायकल, तिचे सुटे भाग आणि शेडची किल्ली ब्रीशाला द्यावी. तिने ती चालवावी की नाही याबद्दल मी कोणतीही अट घालत नाही. तुकडे केले तर ती दुसऱ्या कोणाची तरी गाडी घेईल, आणि तिची सीट मी शिवलेली नसेल.

कलम ७. घरे. उत्तरेचे घर, म्हणजे मी हे लिहीत बसले आहे ते, विकून टाकावे. ज्याचे मूल शर्यतीत उतरते अशा कोणालाही ते विकू नये, त्याने कितीही किंमत देऊ केली तरी. श्री. कॅनेल म्हणतात की ही अट कोर्टात टिकणार नाही. त्यांनी निदान विचारून तरी बघावे.

दक्षिणेचे, फिनलोचे घर डेब्राला द्यावे. त्याला एकच अट आहे. ब्रीशा ज्या दिवशी शर्यतीत असेल त्या दिवशी रस्ता बंद व्हायच्या आधी डेब्राने त्या घरात असावे, आणि तिची मोटार मागच्या अंगणात, तोंड डोंगराकडे करून, तेल भरून उभी असावी. सँडविच करू नयेत. झेंडेवाल्यांचे दुसरे कोणी बघेल.

हे कलम मी तिला काल वाचून दाखवले.

"म्हणजे तुम्ही तिला थांबवणार नाही."

"नाही."

"आणि मी तिथे बसून वाट बघायची."

"तू कुठेही बसलीस तरी वाट बघशीलच. तिथून निदान तिच्यापर्यंत जाता येईल."

तिने कोट घातला, बटणे लावली, दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. माझ्याकडे न बघता तिने विचारले, "डोंगरातल्या वाटेनं इस्पितळापर्यंत किती वेळ लागतो?"

मी म्हटले, त्या वाटेने तिथपर्यंत मी कधी गेलेले नाही. मग आम्ही दोघी तिच्या मोटारीत बसलो आणि ती वाट बघायला गेलो.

येणेप्रमाणे माझे म्हणणे पूर्ण झाले. मी ते पुन्हा वाचले आहे, काही खोडलेले नाही, आणि खालील दोन साक्षीदार एकाच खोलीत हजर असताना त्यांच्यासमोर सही केली आहे. दोघांनाही यातून काही मिळत नाही.

(सही) व्होरी केर्मीन

साक्षीदार:
१. (सही) हॅरॉल्ड स्किलिकॉर्न, निवृत्त झेंडेवाले, राहणार सल्बी. यांनी नेडला धरून ठेवले होते. माझी तक्रार नाही, तसे यांना कधी सांगितले नव्हते, आज सांगितले.
२. (सही) मोना कॅलिस्टर, परिचारिका, राहणार रॅम्झी

ठिकाण: सल्बी, रस्त्याची उत्तर बाजू
दिनांक: २१ फेब्रुवारी २०२४