पाचशे पानांचा आचारी, चाळीस ताटांवर

घाटंजी,
रविवार

चिरंजीव राजदीप यास धर्मपालमामाचा मनापासून जयभीम.

तुझी तब्येत उत्तम आहे असं धरून चालतो, कारण रुखमाताई म्हणाली की लग्न ठरल्यापासून तिचं पोरगं दिवसातून चारदा आरशात बघतं. आजारी माणूस एवढ्यांदा बघत नाही. माझे गुडघे होते तसेच आहेत. तुझी मामी तुझी फार आठवण काढते (माझ्यावर चिडली की जास्तच काढते). हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतोस.

तर गोष्ट अशी की तुझ्या मामाला कायमची नोकरी मिळून राह्यली. तीस वर्षं लग्नांचे स्वयंपाक केले, आणि आता इथल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक्याची जागा देतो म्हणतात. पगार म्हणशील तर लग्नसराईत मी दोन लग्नांत जेवढं आणतो तेवढा महिन्याला. वर पीएफ, टोपीसकट दोन जोडी कपडे, आणि वयाच्या बासष्टपर्यंत कोणी हात धरून बाहेर काढणार नाही. मुख्य म्हणजे पगार पावसाळ्यातही मिळतो, ज्या चार महिन्यांत आजवर मी घरी बसून तुझ्या मामीला कणीक कशी मळावी हे शिकवत आलो. पण मग सराई गेली, मांडवातला मान गेला, 'धर्मपालच्या हातची वांग्याची भाजी' गेली. संस्थेने सांगितलं, आठ दिवस काम करून बघा आणि सोमवारी हो की नाही ते कळवा. उद्या सोमवार. तू शिकलेला, दोनदा कंपनी बदललेला माणूस, म्हणून तुझा सल्ला पाहिजे.

आधी मुलाखतीचं सांगतो. अनुभवाचे दाखले घेऊन या, असं कळवलं होतं. आता आचाऱ्याला दाखला कोण देतो? मी आपल्या ज्या ज्या लग्नात स्वयंपाक केला त्यांच्या पत्रिका जपून ठेवल्या आहेत (मामी दर दिवाळीला त्या रद्दीत घालते, मी दर दिवाळीला काढतो). ती अख्खी पिशवी नेली आणि टेबलावर ओतली. साहेब म्हणजे कमलाकर सर, संस्थेचे सचिव, स्वभावाने कडक. ते एकेक पत्रिका उचलून बघत होते. एका पिवळ्या पत्रिकेवर थांबले, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. ती त्यांच्याच लग्नाची निघाली. मला वाटलं, काम झालं. सर मात्र माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "म्हणजे तो मठ्ठा तुम्ही केलता." सव्वीस वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नात दुसऱ्या पंगतीला मठ्ठा पातळ झाला होता. मला तर ते लग्नच आठवेना, आणि या माणसाने तो मठ्ठा सव्वीस वर्षं डोक्यात सांभाळलेला. सासरचे लोक अजून बोलतात म्हणे. मी उभ्या उभ्या माफी मागितली. ती त्यांनी मान्य केली, आणि आठ दिवस करून बघा म्हणाले.

पहिल्या दिवशी माझी अशी फजिती झाली की विचारू नको. पाचशे माणसांचा अंदाज मी डोळे मिटून सांगतो, पण चाळीस पोरींना डाळ किती लागते हे मला जन्मात माहीत नव्हतं. हात सवयीने चालला. पोरी जेवल्या, मॅडम जेवल्या, चौकीदार दोन डबे घरी घेऊन गेला, तरी गंजात वरण होतंच. दुसऱ्या दिवशी माप सुधारलं, तर आग्रह नडला. लग्नात आग्रह केल्याशिवाय माणूस जेवल्यासारखं वाटत नाही, म्हणून मी पोळ्यांची टोपली हातात घेऊन ओळीत फिरलो, घे बाई, अजून एक पोळी घे, मामाला नाही म्हणते का. लहान पोरी त्या, नाही म्हणायला लाजल्या. सकाळी पाच जणी पोट धरून बसल्या. वॉर्डन कुंदा मॅडमनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "धर्मपालजी, इथं कोणाचं लग्न नाही." तेव्हापासून मी हात मागे बांधून उभा राहतो (फार अवघड जातं).

पण खरी गोष्ट बुधवारची आहे. लग्नात मी नुसतं ओरडतो, 'मीठ टाक रे,' आणि कोणीतरी टाकतं. इथे ओरडलो आणि मग ध्यानात आलं की टाकायला मीच आहे. टाकलं. थोड्या वेळाने तेच पुन्हा ध्यानात आलं, म्हणून पुन्हा टाकलं. बटाट्याची भाजी अशी खारट झाली की मलाच घास गिळवेना. लग्नात असं झालं तर त्यावर उपाय आहे. भांडी टेम्पोत घालायची आणि पंगत उठायच्या आत गाव सोडायचं. दुसऱ्या दिवशी आपण तिसऱ्याच गावात, आणि मागे कोण काय बोलतं ते सव्वीस वर्षांनी कळतं. इथे टेम्पो नाही. सकाळी खिडकीतून पाहिलं तर तेच चाळीस चेहरे ताटं घेऊन ओळीने उभे. तुला सांगतो, आमदाराच्या घरच्या लग्नात मी परात घेऊन सगळ्यांच्या पुढे असतो, इथे पोह्यांची परात खिडकीत ठेवून तिच्या मागे उभा राहिलो.

ओळीत पहिली रुपाली होती, ढाणकीकडची, सहावीतली, दोन वेण्या आणि कोर्टातल्या वकिलासारखं बोलणं. ताट पुढे करून म्हणाली, "मामा, कालची भाजी खारट झालती. आम्ही पाणी पिऊ पिऊ खाल्ली. आज नीट करजा." बस. राग नाही, रुसवा नाही. मी दुपारी वांग्याची भाजी केली, अशी की तीस वर्षांत केली नसेल. पोरगी पुन्हा खिडकीशी आली, म्हणाली चांगली झाली, आणि मग विचारलं, "उद्या काय करून राह्यले?"

राजदीप, एवढी लग्नं केली, लोक बोटं चाटत गेले, पण उद्या काय करणार हे मला आजवर एकाही माणसाने विचारलं नव्हतं. मी कांदा चिरत बसलो, म्हणजे डोळ्यांचं कारण सांगावं लागत नाही.

तर आता तूच तोलून बघ. एकीकडे जास्त पैसा, मांडव, मान, आणि रिकामा पावसाळा. दुसरीकडे कमी पैसा, टोपी (ती मला अजिबात शोभत नाही) आणि कायमची भाकर. मामीचं मत विचारलं तर म्हणाली, पावसाळ्यात तुम्ही घरी नसाल हाच माझा बोनस. पण मी तुझ्या शब्दाबाहेर नाही. नीट विचार कर आणि उद्याच्या आत कळव, म्हणजे मला ठरवता येईल. उर्वशीला आणि तिच्या घरच्यांना नमस्कार. ताईला सांग की गुडघ्याला तेल लावतो आहे.

तुझा,
धर्मपालमामा

ता.क. – मामीने पत्र वाचलं आणि विचारलं, टपाल नागपूरला पोचायलाच बुधवार, मग उद्याच्या आत सल्ला येईल कसा? तर लपवत नाही. शुक्रवारीच सही करून आलो. सल्ला मात्र जरूर पाठव, वाचायला आवडतो.

ता.क. दुसरा – आता खरं काम. तुझ्या लग्नाचा स्वयंपाक मीच करणार हा शब्द मी तुला तू दहावीत असताना दिला आहे. पण पहिले सहा महिने शाळा सुरू असताना रजा नाही, असा इथला नियम आहे. बारा एप्रिलचं लग्न दहा मेला घे, तेव्हा पोरी सुट्टीवर असतात. उर्वशीच्या वडिलांना कळंबला जाऊन भेटलो. तू तयार आहेस असं त्यांना सांगून ठेवलं आहे. तेवढं तयार हो.

ता.क. तिसरा – पाकीट उघडून हे लिहितो आहे. तारीख बदलू नको, उर्वशीच्या वडिलांनाही तसं सांग. मी एप्रिलचं सहज बोललो तर रुपालीने परस्पर जाऊन मॅडमना सांगितलं की त्या दिवशी रविवार आहे, मामा जिथं स्वयंपाक करतील तिथं आम्ही जेवायला जाऊ. मॅडम हसल्या आणि हो म्हणाल्या. कमलाकर सरही येतो म्हणाले. तेव्हा आपल्या बाजूने बेचाळीस माणसं जास्तीची धर, आणि पोरींना पहिल्याच पंगतीला बसव. लग्नानंतरच्या बुधवारी त्यांचा गणिताचा पेपर आहे, मला त्यांना दिवस मावळायच्या आत परत आणायचं आहे.